चपलांची हजेरी

ऑक्टोबर लागला की मला घरात बसवत नाही. मागच्या शेडच्या पत्र्यावर काळ्या अक्रोडाची फळं पडायला लागतात. धाड. धाड. प्रत्येक धाडीला मी खुर्चीतून उठतो. चहा अर्धा राहतो. मागच्या दारापर्यंत जातो, जाळीतून बाहेर बघतो, परत येऊन बसतो. पुन्हा धाड, पुन्हा मी उभा. मेधा, म्हणजे माझी बायको, फोनमधून मान न काढता म्हणते, "अहो, अक्रोड आहे. पडू द्या की त्याला."

तिला काय सांगू? अक्रोडाशी माझं काही भांडण नाही. तो पडून झाल्यावर जी शांतता पसरते, तिच्यात मी दुसराच एक आवाज शोधत असतो. टण्. लांबून आलेला, स्वच्छ, एकच. दोन वर्षं तो आवाज आमच्या मागच्या अंगणातून गायब होता. तो कसा आला आणि कसा गेला हे मी या दोन वर्षांत निदान वीस ठिकाणी सांगितलं आहे, हावभावांसकट, लोक पोट धरून हसेपर्यंत. वीसही वेळा थोडंसं खोटं सांगितलं आहे.

आधी आवाजाविषयी. आवाज हा माझा धंदाच. मोटारींचे ब्रेक दाबल्यावर का किंचाळतात हे शोधून काढण्यात माझी चोवीस वर्षं गेली. जगात कुणाला पहाटेच्या भूपाळीनं जाग येते, कुणाला कोकिळेच्या सुरानं. मला शेजाऱ्याच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकानं जाग यायची. तेव्हा आम्ही नोव्हायला राहत होतो, अमेरिकेतल्या एका देशी वस्तीच्या उपनगरात. घराच्या डावीकडे पुणे, उजवीकडे हैदराबाद आणि समोर पुन्हा पुणे. कुकरच्या शिट्ट्यांवरून कोण जेवायला बसलं ते कळायचं. मुलगी ईशा कॉलेजला गेली आणि मेधा एक दिवस म्हणाली, "मला मोकळी जमीन हवी." मला वाटलं, भाजीपाला लावेल. पश्चिमेला पाऊण तासावर आम्ही सात एकराचा एक कोपरा शोधला. मी वांगी, दोडकी असं मनात मांडत होतो. सामान लागायच्या आत तिनं जागेचा नकाशा टेबलावर पसरला आणि मागच्या टोकाला पेन्सिलीनं एक रेघ ओढली. "इथून तिकडे पन्नास यार्ड. मागे मातीचा बांध. पोलादी चकत्या लटकवायच्या. अहो, मला पुन्हा नेम धरायचाय."

आता तुम्ही म्हणाल, ही काय तऱ्हा! पण मला पूर्वसूचना मिळालेली होती. कोल्हापूरला तिला बघायला गेलो तेव्हा मी विचारलं होतं, आवड कशाची? समोर पोह्यांची बशी, वर खोबरं, कोथिंबीर. ती म्हणाली, "पॉइंट टू टू रायफल." मी हसलो. नागपूरचा माणूस, मला वाटलं आपल्याच जातकुळीतली चेष्टेखोर मुलगी मिळाली. मग तिचे वडील आतून एनसीसीची पदकं घेऊन आले. मी पोहे खाल्ले आणि गप्प बसलो. लग्न झालं, विमान झालं, ईशा झाली, बर्फ उपसून झाला. पदकं एका डब्यात राहिली. आमच्या घरात डब्यांची कमतरता कधीच नव्हती.

त्या उन्हाळ्याचं काय सांगू! मी झपाटलो. टाउनशिपच्या ऑफिसात तीनदा गेलो, नियम छापून आणले. तिथल्या बाईंनी अखेर मला बघितलं की आधीच कागद काढून ठेवायला सुरुवात केली. मागे कुणाचं घर नाही, वाट नाही, फक्त आमच्याच झाडीचा उतार आणि पलीकडे डेलचं मक्याचं शेत. डेल हा आमचा शेजारी, सत्तरीचा, मोजकं बोलणारा शेतकरी. तो नाही म्हणाला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. मी भीत भीत चकल्यांचा डबा घेऊन गेलो. आपल्याकडे बांध म्हटला की दोन शेजाऱ्यांच्या तीन पिढ्या कोर्टात जातात. हा माणूस चकली मोडत म्हणाला, "बिल्ड इट हायर." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला.

माती चाळून घ्यायची, हे त्यानंच शिकवलं. बांधात दगड नको. गोळी दगडावर आपटली तर कुठं जाईल ते तिलाही ठाऊक नसतं. मी ऑफिसातून एक जुनी ब्रेकची चकती आणली होती. मोठी, गोल, देखणी. म्हटलं, हीच लटकवू, आयुष्यभराच्या शत्रूवर बायको गोळ्या झाडेल, मला सुख! डेलनं ती हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण साबण खाणाऱ्या पोराकडे बघतो. बिडाचं लोखंड फुटतं. खाचखळग्यांतून गोळीतल्या शिशाचे तुकडे मागे, नेम धरणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतात. मग कडक केलेल्या पोलादाच्या चार चकत्या मागवल्या. सर्वांत मोठी ताटाएवढी, सर्वांत छोटी वाटीएवढी. साखळीनं अशा टांगल्या की तोंड थोडं जमिनीकडे झुकलेलं राहील, तुकडे खाली मातीत जातील. तो झुकाव मी फोनवर मोजला, कोनमापकावर मोजला, आणि रविवारी पहाटे दव पडल्यावर पुन्हा मोजला. मेधा म्हणाली, "मंगळसूत्र बांधताना इतकं बघितलं नव्हतंत."

तिचे स्वतःचे नियम वेगळेच होते. बघणाऱ्यासकट सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा, कानांवर झाकणं. लाल झेंडा वर असेल तर रेघेच्या पुढे पाऊल नाही. चकतीला बोटानं चाचपून बघायचं, खड्डा लागला तर ती चकती बाद. नेमबाजी झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, नवऱ्यालाही. आणि शेवटचा नियम, तिच्या कॅम्पातल्या उस्तादांचा: आवारात जितकी माणसं, तितक्या तोंडांनी हजेरी. प्रत्येकानं आपल्या तोंडानं 'हजर' म्हणायचं. एक आवाज कमी पडला तरी रायफल रिकामीच राहणार.

मला हा नियम फार विनोदी वाटायचा. आवारात आम्ही दोघंच! ती पुकारायची, "अहो?" मी तिच्यापासून दोन हातांवर उभा, वाकून मुजरा करायचो, "हजर, सरकार!" कधी बायकी आवाजात, कधी घोड्यासारखं खिंकाळून. ती हसायची नाही. हजेरी मोजायची, झेंडा वर चढवायची, पोटावर आडवी व्हायची. मग तिची पाठ हळूहळू शांत व्हायची. बर्फ उपसणारी, डबे भरणारी, फोनवर बँकेशी भांडणारी बाई त्या पाठीतून निघून जायची आणि कोल्हापूरची एकोणीस वर्षांची मुलगी उरायची. श्वास अर्धा सोडलेला. आणि लांबून, मातीच्या पोटातून आल्यासारखा, टण्.

आमच्या शाळेत घंटेऐवजी रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. शिपाई त्यावर लोखंडी दांडकं मारायचा आणि साडेपाचशे पोरं एका क्षणात मोकळी व्हायची. तोच आवाज होता तो. शाळा सुटल्याचा. पानं पिवळी पडत होती, डेलच्या शेतातला मका वाळून कागदासारखा सळसळत होता आणि दर रविवारी दहानंतर माझी बायको शाळेतून सुटत होती. चोवीस वर्षं किंचाळणाऱ्या धातूचे आवाज ऐकलेला मी. धातू हसूही शकतो, हे मला पन्नाशीत कळलं.

त्याच ऑक्टोबरात माई आल्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई. उंची पावणेपाच फूट, मतं सव्वासहा फूट. ऐकायला कमी येतं, पण कानातलं यंत्र त्यांना आवडत नाही. त्या ते चष्म्याच्या घरात ठेवतात आणि मग जगाशी एकतर्फी बोलतात. खंडेनवमीचा दिवस होता. आम्ही नोव्हायहून झेंडूची फुलं आणली होती. माझे पाने, ड्रिल, लॅपटॉप, दोन्ही गाड्या, सगळ्यांना कुंकू लागलं. रिकाम्या रायफलला फूल वाहिलं. माई म्हणाल्या, "मारणाऱ्याची पूजा केलीत, बरं केलंत. पण मार खाणाऱ्याचं काय? त्या चकत्या बिचाऱ्या वर्षभर..." वर्षभर नव्हे हो माई, दोन महिने, असं मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही आणि आम्ही त्यांचं ऐकलं नाही. ईशा सुट्टीवर घरी आलेली, तिला आईचा नेम बघायचा होता. दुपारी मेधा खाली रेघेवर गेली. मी अर्थातच देखरेखीचा रेंज ऑफिसर. नारिंगी टोपी घातली होती, शिट्टीही होती.

मेधानं पुकारलं, "ईशा?"

"हजर," ईशा म्हणाली. तिचा र अमेरिकन, पण शब्द स्वच्छ.

"अहो?"

"हाजिर हूं, मेरे आका!"

"माई?"

उत्तर नाही. इथून पुढे मी हा किस्सा लोकांना सांगताना खुर्चीवर चढतो. सांगतो की मेधा थांबली. मग "कुणीतरी" वर जाऊन बघून आलं, आणि "कुणीतरी" म्हणालं, माई आतच आहेत. तरी मेधा हटून बसली, आणि तेवढ्यात, मंडळी, एकही गोळी न सुटता, समोरची चकती आपोआप वाजली. टण्! इथं मी खाली उडी मारतो. मग माईंची चाल करून दाखवतो: हातात ताम्हण, बोटाला कुंकू, झेंडूची माळ दंडावर, चकतीच्या मागून उगवत म्हणतात, "काय गं, वाजतंय छान! देवळात देऊन टाका एक." बायका डोळे पुसतात. कुणीतरी मला आणखी एक गुलाबजाम वाढतं.

तो "कुणीतरी" मी होतो.

मी चढ चढून मागच्या दारापर्यंत गेलो होतो. आत पाऊल टाकलं नाही. दारात माईंच्या चपला होत्या, निळ्या पट्ट्याच्या, नीट जुळवून ठेवलेल्या. चपला दारात म्हणजे माणूस घरात. हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? लहानपणापासून आपण दारातल्या चपला बघूनच पाहुणे किती, चहा किती, ते आतल्या आत ठरवत आलो. मी तिथूनच ओरडलो, "सगळे आत आहेत! क्लिअर! होऊ दे!" आणि शिट्टी वाजवली. हो, शिट्टीसुद्धा वाजवली.

मेधा खालून म्हणाली, "माईंचा आवाज आला?"

"चपला आहेत दारात!"

"चपला हजर म्हणाल्या?"

"अगं, नियम काय धरून बसलीस! झोपल्या असतील."

तिनं रायफलला हात लावला नाही. झेंडा चढवला नाही. तशीच बसून राहिली, पाठ ताठ, आणि मी वरून हातवारे करत होतो, जसं ब्रेक न लागणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर लोकांनाच बाजूला व्हा म्हणतो. तेव्हा चकती वाजली.

पूजेला कुणी चपला घालून जातं का? माई अनवाणी गेल्या होत्या. झाडीच्या बाजूनं, बांधाला वळसा घालून, थंड ओल्या पानांवरून. मातकट शाल अंगावर, चकत्यांच्या मागे खोलगट जागेत उकिडव्या बसून त्या एकेका साखळीला माळ बांधत होत्या. पन्नास यार्डांवरून त्या म्हणजे बांधाचाच एक भाग होता. मोठ्या चकतीला कुंकू लावून झाल्यावर त्यांनी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली, इतकंच.

मी तिथंच पायरीवर बसलो.  ईशा चढ चढून वर आली, चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "यू काउंटेड शूज."

मेधा बांधापर्यंत चालत गेली. माईंना हाताला धरून वर आणलं, कोमट पाण्यानं त्यांचे पाय धुतले, मोजे घातले. रायफल तिजोरीत गेली. तिजोरीची किल्ली तिनं पर्समधल्या आतल्या कप्प्यात टाकली. त्यानंतरच्या रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी नव्हता, तरी ती खाली गेली नाही. मग बर्फ आला.

मी म्हणायचो, ती घाबरली. सगळ्यांना तेच सांगितलं. पण खरं सांगू? घाबरलेली बाई अशी दिसत नाही. मी पहिल्यांदा तो किस्सा रंगवला, माई परत गेल्यावर, कुणाच्या तरी मुलाच्या मुंजीत, तेव्हा ती समोरच बसली होती. "कुणीतरी" हा शब्द आला आणि तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चकतीला खड्डा पडलाय का, हे बघतात तसं.

गेल्या हिवाळ्यात झेंड्याचं कापड फाटून गेलं. उन्हाळ्यात चकत्यांसमोर पिवळी रानफुलं छातीएवढी वाढली. सप्टेंबरात डेल कुंपणाशी भेटला आणि टोपी मागे सारत म्हणाला, "बीन रिअल क्वाएट ओव्हर देअर." मी म्हणालो, हो, वेळ मिळत नाही. तो मान हलवून गेला. मग अक्रोड पडायला लागले, आणि मी खुर्चीतून उठायला लागलो. जाळीपाशी जाऊन काय बघायचो ठाऊक आहे? आधी दारातल्या चपला. मेधाच्या दिसल्या तरी मी हाक मारायचो. "मेधा?" आतून उत्तर यायचं, "काय?" "काही नाही." दिवसातून आठदा. एकदा ती वैतागली, "अहो, झालंय काय तुम्हाला?" मी म्हणालो, अक्रोड.

यंदा दसऱ्याला नोव्हायला एका मित्राकडे जेवण होतं. दिवसाढवळ्या, भरपूर माणसं. इथं आपटा मिळत नाही. पण रेडबडची पानं आकारानं त्याच्या चुलत भावासारखी, आणि ऑक्टोबरात ती खरंच सोन्याची होतात. आमच्या झाडाची टोपलीभर पानं मेधानं आणली होती आणि कोपऱ्यात बसून देठ खुडत होती. जेवणं झाली. कुणीतरी ओरडलं, "अविनाशराव, होऊन जाऊ द्या! सासूबाई आणि चकती!" नव्यानं आलेली दोन जोडपी होती, त्यांनी ऐकलं नव्हतं. झालं. मी खुर्चीवर चढलो. मेधानं "माई?" म्हणून पुकारलं तिथपर्यंत गाडी नेहमीच्या रुळावर होती. "आणि मग मंडळी, कुणीतरी वर जाऊन..."

तोंडात पुढचा शब्द होता. तो बाहेर येईना. वरून मला मेधाचा भांग दिसत होता. तिचे हात थांबले होते.

"कुणीतरी नाही," मी म्हणालो. "मी. मी म्हणालो सगळे आत आहेत."

लोक खदाखदा हसले! त्यांना वाटलं, ही नवी भर. एकानं टाळीही दिली. इतकी वर्षं हसवण्याची ही शिक्षा, खरं बोललो तरी दाद मिळते. मी खुर्चीवरून खाली उतरलो. उडी मारली नाही, रेलिंग धरून उतरावं तसा उतरलो. म्हणालो, "हसू नका. मी चपला बघितल्या आणि शिट्टी वाजवली. हिनं माझं ऐकलं असतं तर माई आज नसत्या. हिनं ऐकलं नाही." मग मला पुढे काही सुचेना. मला! कुणाच्या तरी हातातला चमचा वाटीत पडला. यजमानीणबाई म्हणाल्या, "बासुंदी आणू का?" 

मेधा उठली. टोपलीतलं एक पान निवडून घेतलं, माझ्यासमोर आली आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "सोनं घ्या," ती म्हणाली. "आणि घरी चला. उजेड आहे अजून."

 घरी पोचल्यावर तिनं साडीवरच जुने बूट चढवले आणि मला एक बादली दिली. दोन हिवाळ्यांच्या गोठण्यानं आणि पावसानं बांधाची माती खचली होती, आतून दगड वर आले होते. "आधी दगड," ती म्हणाली. आम्ही दगड वेचले. रानफुलं कापली. तिनं चारही चकत्यांवरून बोटं फिरवली, साखळ्या ओढून बघितल्या. मोठ्या चकतीच्या वरच्या कडेला, साखळीच्या आडोशाला, कुंकवाचा एक तपकिरी ठिपका अजून होता, की गंज होता, मला सांगता येणार नाही. तिनं त्याला हात लावला नाही. पेरानं टकटक केली. मी दचकून सरळ उभा राहिलो. शेतापलीकडे डेल ट्रॅक्टरवर होता. त्यानं मान वळवली आणि टोपी वर केली.

त्या दिवशी गोळी सुटली नाही. बांध पुन्हा रचायला आठवडा गेला, डेलनं चाळलेली माती आणून दिली, मी नवा झेंडा शिवला, वेडावाकडा. काल रविवार होता. दहा वाजून गेले होते. शेडवर अक्रोड पडत होते आणि मी त्यांच्याकडे बघतही नव्हतो. मेधानं चष्मा चढवला, मला चढवायला लावला. मग रेघेवर बसून पुकारलं, "अहो?"

मी तिच्या डाव्या हाताशी उभा होतो. मुजरा करावा असं वाटलं, हातही उचलला होता. तो खाली घेतला.

"हजर."

"ऐकू नाही आलं."

"हजर!"

माझ्या ओरडण्यानं पलीकडे डेलचा कुत्रा भुंकला. "त्याच्या हजेरीची गरज नव्हती," मेधा म्हणाली, आणि दोन वर्षांनी लाल झेंडा वर चढवला.